व्यापारी संकेतस्थळ : आखणी आणि उभारणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी ह्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी जुन्या अकरावीच्या अखेरच्या काळात मॅट्रिक झालेला मनुष्य. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि मुलांना बाराखडी व त्रैराशिक शिकविण्यात उभा जन्म घालविला. संगणक माझ्या हाती आला तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर. तेव्हा संकेतस्थळासारख्या विषयावर मी अधिकारवाणीने काय बोलणार? परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तुमच्या घरी जे घडले तेच सांगा. मंडळींच्या उपयोगी पडेल.” वाटेतला धोंडा कोठे आहे हे ज्यास ठेच लागली आहे तोच नेमके सांगू शकतो, ह्या न्यायाने मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम ठेच कशी लागली ते निवेदन करतो. आमच्या घरी पुण्यास तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान वडिलांपासून चालत आलेले आहे. वडिलांनंतर थोरल्या बंधूंनी ते सांभाळले आणि आता माझा पुतण्या सांभाळतो. २०१९ साली त्याने दुकानाचे संकेतस्थळ करविले. ओळखीतील एक तरुण अल्प मोबदल्यात काम करून देण्यास तयार झाला. लेखी करार नाही, पावती नाही. सारा व्यवहार तोंडी. आठ दिवसांत चित्रे हलू लागली, आम्ही सर्वांनी कौतुक केले, आणि संकेतस्थळाचा पत्ता दुकानाच्या पिशव्यांवर व ओळखपत्रांवर छापला गेला.

तीन वर्षांनी, लग्नसराईच्या ऐन भरात, नाशिकच्या एका जुन्या ग्राहकबाईंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, “तुमच्या पिशवीवरचा पत्ता उघडला तर जुगाराच्या जाहिराती दिसतात! हे काय हो?” पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला. चौकशीअंती उमगले की, ते नाव आमच्या पेढीच्या मालकीचे कधी नव्हतेच. त्या तरुणाने ते स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ई-टपालावर नोंदविले होते. तो पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-टपालावर येत राहिल्या. त्या कोणी वाचल्या नाहीत. नाव सुटले, आणि कोणा अनोळखी माणसाने ते उचलले. बंधूंनी पन्नास वर्षे जपलेल्या नावाखाली आता जुगाराचा अड्डा मांडला गेला होता. ते त्या रात्री जेवले नाहीत. त्या तरुणास मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या हलगर्जीपणाइतकेच आमचे अज्ञानही ह्यास कारण होते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. संकेतस्थळाचे नाव, ज्यास ‘डोमेन’ म्हणतात, ते विकत मिळत नाही. ते मुदतीने घ्यावे लागते. ‘डॉट कॉम’सारख्या नावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत टळल्यावर काही दिवसांची सवलत असते. त्यानंतर नाव रद्द होण्याची प्रक्रिया सुरू झाली तरी ३० दिवसांचा एक अवधी मिळतो व त्यात जादा शुल्क भरून ते सोडविता येते. तोही टळला म्हणजे जो प्रथम मागेल त्याचे ते नाव. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असे नाव देवनागरीतही घेता येते. नाव कोणतेही असो, ते पेढीच्या नावावर व पेढीच्याच ई-टपालावर नोंदलेले असले पाहिजे.

आता ह्या विद्येचा इतिहास दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली हिची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती कोणतेही मूल्य न घेता साऱ्या जगास खुली केली. आपल्या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या द्वारे.

असो. २०२३ साली पुतण्याने नव्याने आरंभ करण्याचे ठरविले. ह्या खेपेस मात्र संकेतस्थळे बांधून देणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेकडे, ज्यांस आपली मुले ‘एजन्सी’ म्हणतात त्यांच्याकडे, तो गेला. “काका, तुम्ही जरा बरोबर बसा,” असे त्याने मला विनविले. त्यामुळे प्रारंभापासून अखेरपर्यंत मी ते कार्य जवळून पाहिले. त्याचा क्रम आता सांगतो.

पहिली पायरी पृच्छेची. आमची अपेक्षा अशी की, गेल्याबरोबर ते रंगीबेरंगी नमुने दाखवतील. परंतु संस्थेच्या व्यवस्थापिकाबाईंनी दोन तासांत एकही चित्र दाखविले नाही. त्यांनी केवळ प्रश्न विचारले. दुकानात कोण येते? गृहिणी, लग्नघरचे लोक, की उपाहारगृहांचे मालक? संकेतस्थळावर आलेल्या माणसाने काय करावे अशी तुमची इच्छा आहे? तेथेच खरेदी, दूरध्वनी, की दुकानात येणे? कोणती भांडी कुरिअरने पाठविता येतात आणि कोणती पाठविल्यास पोचे पडतात? वर्षानंतर हे काम सफल झाले की नाही, ते कशावरून ठरवाल? पुतण्या म्हणाला, “आम्हाला शेजारच्या दुकानासारखेच, पण त्याहून चांगले हवे.” त्यावर बाई हसून म्हणाल्या, “तुमच्या ग्राहकाला काय हवे, ते आधी शोधू. आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक दूरध्वनी लिहून ठेवाल का?”

ते काम माझ्याकडे आले. शंभर पानी वही घेऊन मी आठ दिवस गल्ल्याशेजारी बसलो. जन्मभर हजेरीपट भरलेला हात, त्यास हे काम काय जड! आठवड्याअखेर वही चाळली तेव्हा आम्हीच चकित झालो. आमची पेढी किती जुनी, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. आणि पहिल्या संकेतस्थळाच्या दर्शनी भागावर तर तेवढेच होते! लोक विचारत होते ते असे : आजचा तांब्याचा भाव काय? हंडा किती वजनाचा व त्यात पाणी किती मावते? कल्हई करून मिळेल काय? जुनी मोड घेता का? गाडी कोठे लावावी? नव्या संकेतस्थळाचा पाया त्या वहीवर घातला गेला. मला वाटते, कोणत्याही धंद्यातील मनुष्याने, संकेतस्थळ करावयाचे नसले तरी, अशी वही एकदा तरी लिहावी.

दुसरी पायरी लेखी करारनाम्याची. घर बांधताना आपण नकाशा व अंदाजपत्रक मागतो, तेच येथेही. किती पृष्ठे, कोणत्या सोयी, किती भाषा, मजकूर कोणी द्यावयाचा, छायाचित्रे कोणी काढावयाची, आराखड्यात किती वेळा फेरबदल विनामूल्य, त्याउपर बदल सुचविल्यास आकार काय, हे सर्व त्यात कलमवार होते. पैसे एकरकमी नव्हते. प्रत्येक टप्प्याची संमती दिल्यावर एकेक हप्ता. सर्वांत महत्त्वाचे कलम मालकीचे : नाव, सर्व्हरवरील जागा, मूळ धारिका व परवलीचे शब्द हे पेढीचे राहतील आणि संस्था बदलावीशी वाटल्यास ते विनातक्रार सुपूर्द केले जातील. हे कलम वाचताना बंधूंनी चष्मा पुसला व ते पुन्हा वाचावयास सांगितले.

तिसरी पायरी रचनेची. बाईंनी टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या पसरल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक विषय : पाण्याची भांडी, स्वयंपाकाची भांडी, पूजेची उपकरणे, रुखवताची भांडी, कल्हई व दुरुस्ती, दुकानाचा पत्ता. मग आम्हास सांगितले, “ह्यांचे गट तुम्हीच पाडा.” पुतण्याने धातूवार गट पाडले, माझ्या वहिनींनी मात्र कामावार पाडले. बाईंनी वहिनींची मांडणी उचलली, कारण गिऱ्हाईक घरी बसून “मला पितळ हवे” असे म्हणत नाही, “मला पाण्याचा पिंप हवा” असे म्हणते. त्यावरून संकेतस्थळाचा नकाशा झाला व प्रत्येक पृष्ठाचा रंगहीन सांगाडा काढण्यात आला. नुसत्या चौकटी व रेघा! रंग नसल्याने रंगावर वाद होत नाही, आणि कोणती वस्तू कोठे असावी एवढ्यावरच लक्ष राहते. भिंत कागदावर खोडणे सोपे, बांधल्यावर पाडणे महाग.

चौथी पायरी मजकुराची, आणि बहुतेक कामे रेंगाळतात ती येथेच. संस्था वाट पाहते, मालक ‘उद्या देतो’ म्हणतो. आमचेही तीन आठवडे गेले, हे कबूल केले पाहिजे. आमच्याजवळ एक जुने माहितीपत्रक होते, पण ते छपाईच्या जुन्या टंकात होते. त्यात ‘क’चे चित्र दिसे, परंतु संगणकाच्या हिशेबी ते इंग्रजी अक्षरच असे, दुसऱ्या यंत्रावर नेले की भलतीच चिन्हे उमटत. आज देवनागरी युनिकोड ह्या सर्वमान्य संकेतात लिहिली जाते, म्हणून ती कोठेही वाचता येते व शोधयंत्रासही सापडते. तो सारा मजकूर मी नव्याने लिहून काढला. आपणांपैकी ज्यांची जुनी माहितीपत्रके अशा टंकात आहेत, त्यांनी हे काम आधीच उरकून ठेवावे.

मजकुरावरून एक मतभेद झाला तोही सांगतो. तांब्याच्या भांड्यातील पाण्याने अमुक-तमुक रोग बरे होतात, असे ठळक अक्षरांत लिहावे, अशी पुतण्याची इच्छा होती. बाईंनी नम्रपणे नकार दिला. त्या म्हणाल्या, “जे सिद्ध करून दाखवता येणार नाही, ते आम्ही छापत नाही.” ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये फसवी जाहिरात दंडास पात्र आहे, हे तर खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट आपल्या शब्दाच्या किमतीची. अखेर आम्ही त्या जागी निराळे लिहिले : ताक, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत, आणि कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यावी. खरी माहिती देणाऱ्या दुकानदारावर लोकांचा विश्वास बसतो. कित्येकांनी ह्या सूचनेसाठी आभार मानले आहेत.

छायाचित्रांचीही एक गंमत झाली. घासलेले तांबे आरशासारखे असते. पहिल्या चित्रांत प्रत्येक घागरीच्या पोटात छायाचित्रकाराचीच प्रतिमा उमटली! मग भोवती पांढरे पडदे लावून मंद प्रकाशात चित्रे घेतली, तेव्हा मठारकामाचा एकेक ठोका मोत्यासारखा दिसू लागला. प्रत्येक भांड्याशेजारी माप कळावे म्हणून एक साधा पेला ठेवला.

पाचवी पायरी रंगरूपाची. आज बहुतेक ग्राहक संकेतस्थळ पाहतात ते खिशातील फोनवर. यास्तव रेखाटन प्रथम लहान पडद्यासाठी करतात व मग ते मोठ्या पडद्यासाठी विस्तारतात. पडदा पाहून आपोआप सावरून घेणाऱ्या ह्या रचनेस ईथन मार्कोट ह्या अमेरिकन रेखाटनकाराने २०१० साली ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिले. शिक्षक म्हणून माझा आग्रह अक्षरांविषयी होता. देवनागरीस वर-खाली मात्रा, वेलांट्या व उकार असतात. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर हवे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेस भिडतो. मराठी ‘ल’ व ‘श’ ह्यांचे वळणही हिंदीहून निराळे आहे. ह्या गोष्टी मी निदर्शनास आणल्या, तेव्हा त्या तरुण रेखाटनकाराने त्या आनंदाने मान्य केल्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या संस्थेने तयार केलेला ‘मुक्त’ हा टंक त्याने निवडला. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो.

सहावी पायरी प्रत्यक्ष बांधणीची. येथे दोन प्रकारचे कारागीर लागतात : एक दर्शनी भाग घडविणारा, दुसरा पडद्याआडची यंत्रणा बसविणारा. आमची अडचण अशी की, आमचा माल वजनावर विकला जातो आणि धातूचा भाव बदलत राहतो. प्रत्येक वस्तूची किंमत नित्य बदलावयाची तर एक मनुष्य त्याच कामास लागेल! त्यावर त्यांनी सोपी युक्ती योजिली. प्रत्येक भांड्याचे वजन व घडणावळ एकदाच नोंदविली. पुतण्याने सकाळी त्या दिवसाचा भाव एका चौकटीत लिहिला की सर्व किमती आपोआप बदलतात. त्रैराशिकच ते, पण यंत्राने केलेले. मजकूर बदलण्यासाठी त्यांनी ‘वर्डप्रेस’ ही २००३ पासून प्रचारात असलेली, मुक्त परवान्याची प्रणाली वापरली. त्यामुळे लहानसहान बदलासाठी आम्हास कोणाच्या दारी जावे लागत नाही. पैसे घेण्याची व्यवस्था अधिकृत मध्यस्थामार्फत आहे. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आमच्याकडे साठविला जात नाही, आणि तो साठवूही नये.

सातवी पायरी परीक्षेची. ही मला अर्थातच आवडली. संकेतस्थळ जगास खुले करण्यापूर्वी ते एका झाकल्या जागी उभारून तपासतात. महागड्या फोनवर तर पाहिलेच, पण साध्या, जुन्या फोनवर व मंद जोडणीवरही पाहिले. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलने एक दंडक सांगितला आहे. चित्रे जड असल्याने प्रथम आम्ही त्यात अनुत्तीर्ण झालो. मग ती हलकी केली. सर्वांत उपयोगी परीक्षा ठरली ती माझ्या वहिनींची. बाईंनी त्यांच्या हाती फोन देऊन सांगितले, “एक कळशी मागवा,” आणि त्या स्वतः गप्प बसल्या. वहिनी कळशीपर्यंत पोचल्या, पण पुढे अडल्या. ‘कार्टमध्ये टाका’ म्हणजे काय, हे त्यांस उमगेना. “मी कशाला काही टाकू?” असे त्या म्हणाल्या. त्याच दिवशी ते शब्द बदलून ‘खरेदीच्या यादीत घ्या’ असे करण्यात आले. चूक वहिनींची नव्हती, शब्दांची होती. वर्गात सर्व मुले एकाच प्रश्नाला अडली, तर दोष प्रश्नपत्रिकेचा असतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

आठवी पायरी उद्घाटनाची व त्यानंतरच्या निगराणीची. संकेतस्थळ व ग्राहक ह्यांमधील संदेश वाटेत कोणास वाचता येऊ नये म्हणून सुरक्षाप्रमाणपत्र बसवितात; ते नसल्यास ‘हे सुरक्षित नाही’ असा शेरा न्याहाळकात दिसतो. असे प्रमाणपत्र आता विनामूल्यही मिळते. शिवाय माल विकणाऱ्या संकेतस्थळावर कायद्याची काही बंधने आहेत. ई-वाणिज्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पेढीचे नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दिले पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत व तिचे निवारण एक महिन्यात झाले पाहिजे. ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक हे आपल्याकडे ठेव म्हणून असतात. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, तो ह्याच भावनेने. कामापुरतीच माहिती घ्यावी, ती दुसऱ्यास देऊ नये.

आणि हे सर्व झाल्यावर काम संपत नाही. कौलारू घर दरवर्षी शाकारावे लागते, तसेच हे. प्रणालीची नवी आवृत्ती आली की ती चढवावी लागते. न चढविल्यास चोरांस वाट मिळते. सर्व मजकुराची प्रत निराळ्या ठिकाणी जपून ठेवावी लागते, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हेही मधूनमधून पाहावे लागते. वर्षभराच्या ह्या निगराणीचा खर्च आरंभीच विचारून घ्यावा.

बंधुभगिनींनो, आमचे जुने नाव परत मिळाले नाही. त्या नावाच्या उरलेल्या पिशव्या आम्ही नष्ट केल्या, जुन्या ग्राहकांस पत्रे व संदेश धाडले, आणि नव्या नावाने उभे राहिलो. लग्नसराईचा तो हंगाम मात्र वाया गेला. नवे नाव पेढीच्या नावावर १० वर्षांसाठी नोंदले आहे. मुदतीची तारीख, सर्व्हरच्या भाड्याची तारीख आणि परवलीचे शब्द कोणाकडे आहेत ह्याची टीप बंधूंनी स्वहस्ते कागदावर लिहून तिजोरीच्या दाराला आतून चिकटविली आहे. वरच्या कप्प्यात दुकानाचे खरेदीखत आहे आणि त्यालगतच हा कागद.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज धंद्यात उतरत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांस माझे सांगणे एवढेच. काम देण्यापूर्वी त्या संस्थेने पूर्वी केलेली दोन-तीन संकेतस्थळे स्वतःच्या फोनवर उघडून पाहा व त्यांच्या मालकांशी बोला. जो पहिल्याच भेटीत किंमत सांगतो त्यापेक्षा जो आधी तुमचा धंदा समजावून घेतो, तो बरा. लेखी करारावाचून एक पैसा देऊ नका. मजकूर वेळेवर द्या. नाव स्वतःच्या पेढीचे ठेवा. आणि घरातील वडीलधाऱ्या माणसास एकदा ते वापरावयास देऊन, आपण गप्प बसून पाहा.

पाटी लाकडाची असो की विजेची, तिच्यावर नाव आपल्या वाडवडिलांचे असते. ते जपणे हे आपले काम आहे, कारागिराचे नव्हे.